मोजला, कळला, पुढे काय?

गडचिरोली जिल्ह्यातल्या ८६ गावांमध्ये २०११ ते २०१३ या काळात जे मृत्यू झाले, त्यांची कारणे ‘सर्च’ संस्थेच्या संशोधकांनी घरोघर चौकशी करून नोंदवली. जंगलपट्टी, गरिबी, शेतमजुरी असा हा मुलूख. हिवताप, क्षय, सर्पदंश हीच नावे यादीत वर असतील, असे कुणालाही वाटले असते. सगळ्यांत वर निघाला लकवा. दर सात मृत्यूंमागे एक पक्षाघाताने झालेला होता आणि त्यातल्या सुमारे ८७ टक्के लोकांनी घरीच प्राण सोडला होता.

पक्षाघाताचे सर्वांत मोठे, आणि टाळता येण्याजोगे, कारण उच्च रक्तदाब. ‘बीपी’ हा गादीवर बसणाऱ्यांचा, खात्यापित्या घरचा आजार ही समजूत या एका अभ्यासाने मोडीत काढायला हवी होती. ती अजून मोडलेली नाही. कष्ट करणाऱ्याला बीपी कुठून येणार, असे शेतावर राबणारी माणसे आजही म्हणतात. तिखटमिठाचे जेवण, तोंडात खर्रा किंवा तंबाखू, अपुरी झोप आणि वाढते वय हे सगळे कष्टाच्या शरीरातही आपले काम करत असते.

भारतात किती जणांना हा विकार आहे, याची उत्तरे सर्वेक्षणागणिक बदलतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) पंधरा वर्षांवरच्या २१ टक्के स्त्रिया आणि २४ टक्के पुरुषांचा रक्तदाब वाढलेला आढळला किंवा ते त्यासाठी गोळी घेत होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) ‘इंडियाब’ अभ्यासाने २०२३ मध्ये वीस वर्षांवरच्यांसाठी साडेपस्तीस टक्क्यांचा आकडा दिला. वयोगट वेगळे, मोजणीची पद्धत वेगळी, म्हणून फरक. दर तीन-चार प्रौढांत एक, एवढे धरून पुढे जायला हरकत नाही.

खरे लक्ष द्यायला हवे ते पुढच्या आकड्यांकडे. २०१७-१८ मध्ये असंसर्गजन्य रोगांचे राष्ट्रीय देखरेख सर्वेक्षण झाले. १८ ते ६९ वयोगटात ज्यांना उच्च रक्तदाब होता, अशा शंभरांपैकी सुमारे २८ जणांनाच तो असल्याचे माहीत होते. उपचार घेणारे होते चौदा-पंधरा. रक्तदाब आटोक्यात असलेले बारा-तेरा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जो अहवाल काढला, त्यात भारतातल्या ३० ते ७९ वयाच्या रुग्णांचा अंदाज असा आहे: शंभरांत निदान झालेले ३७, उपचारावर ३०, आटोक्यात १५.

दोन्ही हिशेब शेवटी जवळपास एकाच जागी येऊन थांबतात. शंभरांतल्या पंच्याऐंशी किंवा त्याहून अधिक माणसांचा रक्तदाब मोकाट आहे. पण गळती कुठे होते, याची दोन वेगळी ठिकाणे ते दाखवतात, आणि मला वाटते दोन्ही खरी आहेत. पहिल्या हिशेबात, ज्यांना कळले त्यांतले निम्मे गोळीपर्यंत पोचतच नाहीत. दुसऱ्या हिशेबात गोळी सुरू होते, पण निम्म्यांचा रक्तदाब खाली येत नाही. गोळी पुरेशी नसते, मधेच सुटलेली असते, किंवा डॉक्टर वर्षानुवर्षे तोच डोस लिहीत राहतात. आपल्याकडची बहुतेक जनजागृती मात्र या दोन्हींच्या अलीकडे संपते. ती माणसाला रक्तदाब मोजायला आणते आणि तिथेच सोडते.

मोजणीचे आधी पाहू, कारण तीही नीट होत नाही. १७ मे हा जागतिक उच्च रक्तदाब दिन. त्या दिवशी, गणेशोत्सवात, पुढाऱ्याच्या वाढदिवसाला मांडवात शिबिर लागते. रांगेत उभा असलेला माणूस खुर्चीवर टेकतो न टेकतो तोच दंडाला पट्टा बांधला जातो, तोही बहुधा शर्टाच्या बाहीवरून. हात मांडीवर. पाठ टेकलेली नाही. शेजारचा काहीतरी विचारतो, हा उत्तर देतो. यंत्रावर १५२/९४ उमटते, चिठ्ठीवर लिहिले जाते, ‘मीठ कमी करा, डॉक्टरांना दाखवा’ असे सांगून पुढचा नंबर. त्याने कुणाला दाखवायचे, कधी, आणि दाखवले की नाही हे कोण पाहणार, याची नोंद कुठेच होत नाही.

योग्य रीत काही अवघड नाही. अर्धा तास आधी चहा, विडी, तंबाखू नको. लघवीला जाऊन यायचे. पाच मिनिटे गप्प बसायचे, पाठ टेकलेली, पावले जमिनीला, पाय एकमेकांवर नाहीत. उघड्या दंडाला योग्य मापाचा पट्टा, आणि हात टेबलावर, छातीच्या उंचीला. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजायचे. हे सोवळे कशासाठी, असे वाटेल. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका काटेकोर चाचणीत केवळ हात कुठे ठेवला याचा परिणाम तपासला गेला. हात मांडीवर असला की वरचा आकडा सुमारे ४ अंकांनी आणि बाजूला लोंबता असला की साडेसहा अंकांनी फुगतो, असे दिसले. १४०च्या आसपास असलेल्या माणसाला एवढा फरक रुग्ण ठरवायला पुरेसा आहे. शिवाय दवाखान्यातच वाढणारा आणि घरी बरोबर येणारा रक्तदाब असतो, तसा दवाखान्यात बरोबर दिसणारा आणि घरी वाढणारा रक्तदाबही असतो. एका मोजणीवर निदान करायचे नसते ते यामुळेच. वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याहून वर आला तर निदान. घरी मोजत असाल तर ही रेषा १३५/८५. आकडा १८०/११०च्या पुढे गेला असेल तर मात्र वाट पाहत बसायचे नाही.

आणखी एक जुना हिशेब घराघरांत टिकून आहे: ‘वयात शंभर मिळवा, तेवढा चालतो.’ साठीतल्या माणसाला १६० म्हणजे वयाप्रमाणे ठीक, असे एकेकाळी डॉक्टरही मानत. आता कुणी मानत नाही. सत्तरीतल्या माणसाचाही १६० हा उपचाराचाच आकडा आहे.

औषधांच्या बाजूने पाहिले तर या विकारात हतबल व्हावे असे काही उरलेले नाही. तशी स्थिती एकेकाळी होती. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले, तेव्हा त्यांचा रक्तदाब ३००/१९० नोंदला गेला. जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान माणसापाशीही त्या काळी उपयोगी पडेल असे औषध नव्हते. चारच वर्षांनी, १९४९ मध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयाशी संबंधित डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटनच्या हृदयविज्ञान नियतकालिकात एक निबंध छापला. सर्पगंधेची मुळी ५० रुग्णांना देऊन रक्तदाबावर काय परिणाम होतो, याचा तो अभ्यास होता. कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी १९३१ मध्येच या मुळीकडे लक्ष वेधले होते, पण पाश्चात्य वैद्यकाचे डोळे उघडले ते वकिलांच्या निबंधाने. तीन वर्षांत स्वित्झर्लंडमध्ये मुळीतले रिसर्पिन वेगळे केले गेले. १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. आणि १९६७ मध्ये अमेरिकेत एडवर्ड फ्रीस यांनी रक्तदाब उतरवल्याने माणसे खरोखर वाचतात का, याची पहिली मोठी नियंत्रित चाचणी जाहीर केली, तेव्हा वापरलेल्या तीन औषधांत एक रिसर्पिन होते. खालचा रक्तदाब ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांपैकी ज्यांना खरी औषधे मिळाली, त्यांच्यात गंभीर घटना घडल्या २. बिनऔषधाची गोळी मिळालेल्यांत २७. ज्या शहरातून या उपचाराला चालना मिळाली, त्या शहरात आज काय चित्र आहे ते पुढे येईलच.

रिसर्पिन आता मागे पडले. ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन ही आजची नावे आहेत. तिन्ही जुनी, स्वस्त, पारखलेली. वरचा रक्तदाब १० अंकांनी खाली आणला तर पक्षाघाताचा धोका सुमारे २७ टक्क्यांनी आणि एकूण मृत्यूचा १३ टक्क्यांनी कमी होतो, असे लाखो रुग्णांच्या चाचण्या एकत्र करून २०१६ मध्ये दाखवले गेले. इतक्या थोड्या पैशांत इतके आयुष्य वाचवणारी औषधे वैद्यकात फार नाहीत.

मग माणसे गोळी का घेत नाहीत? ‘डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग बीपी कसला?’ हे सर्वांत आधी ऐकू येते. रक्तदाब बहुतेक वेळा काहीच जाणवू देत नाही, हे सांगून पटत नाही. कारण दुखणे म्हणजे जे दुखते ते, असा आपला अनुभव असतो. दुसरे: ‘एकदा सुरू केली की जन्मभराची सवय लागते.’ गोळीची सवय लागत नाही, विकारच जन्मभराचा असतो. पण हे कुणी बसून समजावलेले नसते. तिसरे सर्वांत घातक, कारण ते शहाणपणासारखे वाटते: महिनाभर गोळी घेतली, मोजला तर १२६/८०, म्हणजे बरे झालो, गोळी बंद. चार महिन्यांनी आकडा पुन्हा १६०च्या वर, आणि या वेळी मोजणारा कुणी नसतो.

या समजुतींना दोष देऊन थांबणे मला अन्यायाचे वाटते. एखाद्या शेतमजूर बाईने गोळी घ्यायची मनात पक्के केले तरी ती तिला मिळते कशी, हे पाहावे. आरोग्य केंद्र आठ-दहा किलोमीटरवर, गाडीभाडे, ओपीडी सकाळची, म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. केसपेपर काढून रांग लावली की दहा दिवसांच्या गोळ्या हातात. महिन्यात तीन मजुऱ्या कोण बुडवील? आणि तिसऱ्या खेपेला ‘साठा संपलाय, बाहेरून घ्या’ असे ऐकावे लागले, तर चौथी खेप होत नाही. बीड जिल्ह्यातले ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळ्यात परततात. त्यांचे कार्ड एका गावात, पाल दुसऱ्या जिल्ह्यात किंवा कर्नाटकात. सहा महिने गोळी सुटते ती त्यांच्या आळसामुळे नाही.

या प्रश्नावर भारतात एक चांगले उत्तर शोधले गेले आहे आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालय, आयसीएमआर, जागतिक आरोग्य संघटना आणि ‘रिझॉल्व्ह टू सेव्ह लाइव्ह्ज’ ही संस्था यांनी राज्य सरकारांबरोबर २०१७ च्या नोव्हेंबरात ‘भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम’ सुरू केला. पहिल्या पाच राज्यांत पंजाब, केरळ, मध्य प्रदेश, तेलंगण आणि महाराष्ट्र होते. आपल्याकडचे पहिले जिल्हे सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा.

त्यांनी केले ते दिसायला साधे. राज्यापुरती उपचाराची एकच पायरीवार पद्धत ठरवली: अमुक औषधाने सुरुवात, महिन्याने आकडा खाली नाही आला तर पुढची पायरी, नाही तर त्याच्याही पुढची. प्रत्येक डॉक्टरने आपापल्या आवडीचे औषध लिहिले तर औषधभांडाराला कशाची मागणी करायची तेच कळत नाही. तीन-चारच औषधे असली की साठा मोजता येतो, संपायच्या आत मागवता येतो. गोळ्या एका वेळी ३० दिवसांच्या द्यायच्या. फेरतपासणी मोठ्या दवाखान्यात नाही, गावाजवळच्या उपकेंद्रात. रक्तदाब मोजायचे आणि ठरलेली गोळी पुन्हा द्यायचे काम परिचारिकेचे किंवा समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचे. आणि प्रत्येकाची नोंद. महाराष्ट्रात परिचारिकेच्या फोनवर ‘सिंपल’ नावाचे ॲप आले. रुग्णाच्या कार्डावरचा चौकोनी कोड दाखवला की त्याची माहिती समोर, आजचा आकडा टाकला की झाले. महिना उलटून जे आले नाहीत, त्यांची यादी आपोआप तयार. मग आशाताई किंवा आरोग्यसेविका फोन करते, घरी जाते.

गुण आला. महाराष्ट्रासह चार राज्यांतल्या २४ केंद्रांवर सुमारे २२ हजार रुग्णांची पाहणी झाली. नोंदणीच्या वेळी २६ टक्क्यांचा रक्तदाब आटोक्यात होता, पुढे तपासणीला येत राहिलेल्यांमध्ये हे प्रमाण जवळपास ६० टक्क्यांवर गेले. ‘येत राहिलेल्यांमध्ये’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. न आलेल्यांचा हिशेब धरला की टक्का खाली येतो, आणि तो धरलाच पाहिजे. तरीही सरकारी आरोग्य केंद्रात, नेहमीच्याच कर्मचाऱ्यांकडून, हे झाले. २०२० च्या टाळेबंदीत याच जाळ्यातून कित्येक ठिकाणी गोळ्या घरपोच गेल्या. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. पुढच्या वर्षी केंद्राने २०२५ पर्यंत साडेसात कोटी रक्तदाब व मधुमेहाच्या रुग्णांना प्रमाणित उपचारांखाली आणण्याचे लक्ष्य जाहीर केले.

मला धास्ती वाटते ती याच टप्प्यावर. लक्ष्य मोठे झाले की तपासणीचा आकडा फुगवण्याकडे कल जातो. तिशीपुढच्या प्रत्येकाचा अर्ज आशाताईने भरायचा, अमुक तारखेपर्यंत अमुक इतके पोर्टलवर चढवायचे, हे सुरू झाले की खालचा माणूस तेच करतो. राज्यात २०२२ च्या नवरात्रात ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ ही मोहीम झाली, पुढच्या वर्षी पुरुषांसाठीही झाली. अठरा वर्षांवरच्या सगळ्यांकडे आरोग्य खात्याने पोचायचे ठरवले, हे मनापासून स्वागतार्ह होते. पण मोहिमेचे मोजमाप ‘इतक्यांची तपासणी केली’ असे झाले, की त्यातल्या किती जणांचा रक्तदाब सहा महिन्यांनी आटोक्यात होता, हे विचारायचे राहून जाते.

शहरांत अडचण अंतराची नसून वेळेची आहे. मुंबई महापालिकेने २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने केलेल्या पाहणीत १८ ते ६९ वयाच्या सुमारे ३४ टक्के मुंबईकरांना उच्च रक्तदाब आढळला. त्यांतले सुमारे ७२ टक्के कसलेही औषध घेत नव्हते. केईएम, नायर, सायन यांसारखी रुग्णालये आणि पावलागणिक औषधदुकाने असलेल्या शहराची ही गत. सकाळी सहाची लोकल पकडून रात्री नऊला परतणाऱ्याला सकाळची ओपीडी असून नसल्यासारखी. गल्लीतल्या खासगी डॉक्टरकडे तो जातो, पण तिथे नोंद नाही, फेरतपासणीचे बोलावणे नाही. सरकारी उपक्रम खासगी दवाखान्यांपर्यंत जवळजवळ पोचलेला नाही, आणि शहरातली बहुसंख्य माणसे तिथेच जातात. ही आजची सर्वांत मोठी उणीव आहे. संध्याकाळचे सरकारी दवाखाने आणि औषधदुकानातून महिन्याच्या गोळ्यांबरोबर रक्तदाबाची नोंद, या दोन गोष्टी तरी व्हायला हव्यात.

मिठाबद्दल थोडे. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपण सरासरी ८ ग्रॅम खातो. पाश्चात्य देशांत मीठ डबाबंद पदार्थांतून येते, आपल्याकडे मुख्यतः घरच्या फोडणीतून, भातात, कणकेत, ताटातल्या लोणच्या-पापडातून, किनारपट्टीवर सुक्या मासळीतून. त्यात आता फरसाण आणि वेफर्सची पाकिटे. सैंधव घेतले म्हणजे चालते ही समजूत सोडायला हवी, तेही सोडियमचेच मीठ. चीनमधल्या ६०० गावांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या चाचणीत नेहमीच्या मिठाऐवजी काही भाग पोटॅशियम असलेले मीठ दिले, तेव्हा पक्षाघात १४ टक्क्यांनी घटले. हा निष्कर्ष २०२१ चा आहे. रेशनवर असे मीठ देण्याचा विचार आपल्याकडे गांभीर्याने व्हावा. मात्र मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

गरोदरपणातला रक्तदाब हा वेगळा, मोठा विषय आहे. इथे एवढेच नोंदवतो की तो ज्यांना होऊन गेला, त्या स्त्रियांना पुढे कायमचा उच्च रक्तदाब होण्याची शक्यता जास्त असते, आणि बाळंतपणानंतर त्यांचा रक्तदाब वर्षावर्षाला कुणी मोजत नाही.

आता वाचकांकडे एक मागणे. घरात तिशी ओलांडलेले जे असतील, त्यांचा रक्तदाब या महिन्यात नीट बसवून, दोनदा मोजा. कुणी गोळी परस्पर बंद केली असेल, तर त्यांना घेऊन दवाखान्यात जा. आणि गावात राहत असाल तर पुढच्या ग्रामसभेत आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा. आपल्याकडे नोंदलेल्या रक्तदाबाच्या रुग्णांपैकी गेल्या तीन महिन्यांत किती जणांचा आकडा १४०/९० च्या खाली होता? आणि ॲम्लोडिपिनचा साठा आज किती दिवसांचा आहे? दोन्ही आकडे नोंदीत असतात, ते सांगण्याची सोय आहे, आणि विचारण्याचा अधिकार आपला आहे.